गोधडीला होईल

घरातल्या कपड्याचं वय झालं की त्याच्यापुढे तीनच वाटा उरतात: पोतेरं, बोहारीण आणि आमची आत्या. पहिल्या दोन वाटांचा निर्णय ज्या त्या घरची बाई घेते. तिसऱ्या वाटेचा निर्णय आत्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो, बहुधा कपडा कोरा करकरीत असतानाच. दिवाळीला नवा सुती शर्ट घालून तिच्या पाया पडायला वाकलो की आशीर्वादाचा हात पाठीवरून फिरतो आणि तिथेच घुटमळतो. चिमटीत कापड येतं. अंगठा तर्जनीवर दोनदा फिरतो. मग "औक्षवंत हो" आणि त्याला जोडूनच, "पाठीचा तुकडा मोठा निघेल रे. विटला की इकडेतिकडे देऊ नकोस. गोधडीला होईल."

शर्ट अंगात घालून दोन तास झालेले नसतात आणि त्याचा पुढचा जन्म ठरलेला असतो.

ही आत्या आमच्याच घरात आहे असं समजायचं कारण नाही. कुणाकडे ती मावशी असते, कुणाकडे थोरली जाऊ, कुणाच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. कोल्हापूर-साताऱ्याकडे ती वाकळ शिवते, पुण्याकडे गोधडी. खूण एकच. पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेवर ट्रंक, आणि त्यांत दोन बोटांपासून दोन हातांपर्यंतचे कापडाचे तुकडे. पुरुषांत हीच जात जुने स्क्रू, वायरी आणि बंद पडलेले चार्जर जमवते आणि "लागतं कधीतरी" म्हणते. फरक एवढाच की वायरींचं पुढे काहीच होत नाही. तुकड्यांची गोधडी होते. कधी होते, हे मात्र विचारायचं नसतं.

कारण लोकांची समजूत अशी की गोधडी शिवणं म्हणजे शिवणं. आत्याच्या लेखी शिवणं हे त्यातलं अगदीच किरकोळ काम. "धावदोरा काय, कुणीही घालील. निवडता आलं पाहिजे," असं ती म्हणते, आणि मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसलेल्या बाईसारखी ट्रंक उघडून बसते. सकाळी अकराला बसली की दुपारच्या चहापर्यंत एक ढीग तीन ढिगांत जातो आणि संध्याकाळी ते तिन्ही ढीग परत ट्रंकेत जातात. दिवसभरात काय झालं, असं विचारलं तर उत्तर तयार असतं. "अंदाज आला."

आत्याच्या ट्रंकेत प्रवेश मिळवायचा तर कापडाला रीतसर परीक्षा द्यावी लागते. पहिली अग्निपरीक्षा. कडेचे चार धागे उपसायचे, चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सुती धागा भुरकन जळतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चोळली की तिचा भुगा होतो. पॉलिस्टर जळण्याआधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाशी कडक काळी गोळी होऊन बसतं. रेशमाला केस जळाल्याचा वास. टेरिकॉट जळतंही आणि गोळीही होतं. त्याला आत्या "दुतोंडी" म्हणते आणि त्याचा निकाल तिथेच लावते.

शेजारच्या वहिनींनी एकदा मोठ्या मनाने एक जुनी चादर आणून दिली. "शंभर टक्के कॉटन आहे हं, दुकानदाराने सांगून दिलीय." आत्या काही बोलली नाही. आत गेली, काडेपेटी घेऊन आली, वहिनींच्या देखत चार धागे पेटवले आणि निवलेली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. महिनाभर दोन्ही घरांत वाटीची देवाणघेवाण बंद होती. आत्याला त्याचं वाईट वाटलं, पण चादरीच्या बाबतीत ती मागे हटली नाही. "माणसं दुखावली तर समजूत काढता येते. पॉलिस्टरला घाम शोषता येत नाही, त्याची समजूत कशी काढू?"

दुसरी परीक्षा पाण्याची. लाल, आमसुली आणि गडद निळा या तीन रंगांवर आत्याचा बिलकूल विश्वास नाही. ओला पांढरा रुमाल घ्यायचा आणि कापडावर खसाखसा रगडायचा. रुमालाला रंग लागला की कापड बाद. म्हणजे मिठाच्या पाण्यात बुडवून त्याला आणखी एक संधी मिळते, पण मन त्याच्यावरून उतरलेलं असतं. रुमाल अर्थातच काकांचा. आत्याच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या काकांचा, एकही रुमाल पांढरा राहिलेला नाही. बँकेत असताना साहेबांसमोर त्यांनी घाम पुसायला गुलाबी रुमाल काढला होता आणि पुढे बरेच दिवस कचेरीत त्याची चर्चा होती, असं ते आजही सांगतात. सांगताना तक्रारीचा सूर असतो, पण पुढचा रुमालही तेच काढून देतात.

तिसरी परीक्षा फक्त नव्या कापडाला. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे इंच-दीड इंच सहज. जुनं कापड आटून आटून शहाणं झालेलं असतं. न आटवलेलं नवं जुन्याच्या शेजारी शिवलं की पहिल्याच धुण्यात ते आकसतं आणि जुन्यालाही सुरकुत्या पाडतं. म्हणून नवीन तुकडा आधी रात्रभर भिजवायचा, वाळवायचा, मगच जोडायचा. आत्या हे समजावून सांगत होती तेव्हा तिची सून भाजी चिरत होती. बोलण्याच्या ओघात आत्या म्हणाली, "नवीन कुणालाही आधी जरा रुळू द्यावं. एकदम जोडायला जाऊ नये." सुनेने मान वर न करता विचारलं, "मला एक रात्र भिजवून ठेवायचं राहूनच गेलं म्हणायचं, आई?" यावर त्या दोघी इतक्या हसल्या की माझा चहा ओतायचा राहिला.

यानंतरच्या परीक्षा आत्या मनातल्या मनात घेते. तुकडा कानाजवळ नेऊन दोन्ही हातांनी ताणते. चर्र असा बारीक आवाज आला की कापड विरलेलं. खिडकीत उजेडासमोर धरते; जिथे सूत पातळ झालंय तिथे जाळी दिसते. उभ्या धाग्यात ओढते, आडव्यात ओढते, मग उरेब ओढते. उरेब कापलेला तुकडा लबाड, हातात धरावा तसा वाढतो आणि शिवून झाला की झोळ धरतो. तिच्या कात्रीखाली तो पुन्हा सरळ धाग्यावर येतो, नाहीतर त्याची पट्टी होते. आणि सर्वांत शेवटी कापड गालाला लावते. या शेवटच्या परीक्षेचे नियम तिने अजून कुणाला सांगितलेले नाहीत.

नातवाने मोठ्या प्रेमाने आपली फाटकी जीन्स आणून दिली तेव्हा ती गालापर्यंत पोचलीच नाही. आत्याने नुसती उचलून वजन पाहिलं. "दांडगं आहे रे बाळा हे. शेजारच्या मलमलीला दोन महिन्यांत ओढून फाडील. सारख्या अंगाची कापडंच एकमेकांशी नांदतात." जीन्सची पुढे बाजाराची पिशवी झाली. नातू अजून म्हणतो की आजीने त्याला जातीबाहेर टाकलं.

हे सगळं आत्या शिकली ती तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून. आजीच्या काळी कपडा मरत नसे, नुसता नोकरी बदलत असे. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. नेसून नेसून ते मध्ये विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धड टोकं जोडून दंड घालायचा. दंड घातलेलं लुगडं घरात नेसायला निघे. तेही थकलं की त्यातून बाळंतिणीच्या घरी दुपटी आणि लंगोट जात, कारण इतकं मऊ कापड बाजारात विकत मिळत नाही. उरलं ते गोधडीत. एका नऊवारीत मोठ्या गोधडीचे दोन थर निघतात, आत भरायला आजोबांचं धोतर, कडेला काठाच्या पट्ट्या. आणि गोधडीही जेव्हा फाटे तेव्हा तिच्यावर नवा पदर चढवून ती पुन्हा आत ढकलली जाई. आमच्या गावाकडच्या घरात एक गोधडी उसवली तेव्हा तिच्यात आणखी एक गोधडी निघाली होती. तिच्यात काय आहे हे बघायला आत्याने कुणाला दिलं नाही.

त्यामुळे आत्याला कापडाचं वय कळतं. तिच्याकडे एका पिशवीत पांढऱ्या पॉपलीनचे तुकडे आहेत. ते हातात घेतले की ती आवाज खाली आणून म्हणते, "संपाआधीचं." संप म्हणजे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप. त्या संपाने लाखो गिरणी कामगारांच्या घरांचं काय झालं ते इतिहासात आहे. आत्याच्या घरात त्याची नोंद अशी की त्यानंतर मनासारखं पॉपलीन मिळालं नाही. ते तुकडे ती कशातच वापरत नाही. त्यांच्या शेजारी बसण्याच्या लायकीचं दुसरं कापडच नाही, असं तिचं म्हणणं.

आत्याचे पुरवठादार दोन आणि शत्रू एक. पहिला पुरवठादार कोपऱ्यावरचे शिंपी. त्यांना ती मास्तर म्हणते. मास्तरांकडे ब्लाऊजच्या कातरणांचं पोतं असतं आणि दर शनिवारी आत्या त्या पोत्याची झडती घेते. पूर्वी त्यात खणाचे, रुबियाचे, हातमागाचे तुकडे निघायचे. हल्ली जॉर्जेट आणि चकचकीत अस्तर निघतं. "मास्तर, बायका हल्ली काय घालतात हो अंगाला?" "तुम्हीच सांगा काकू, मी तर नुसतं शिवतो." मग मास्तर मशीनच्या खणातून एक छोटी पुरचुंडी काढतात. आठवडाभरात आलेले सुती तुकडे त्यांनी पोत्यात न टाकता वेगळे ठेवलेले असतात. ही व्यवस्था दोघांनाही माहीत आहे, तरी दर शनिवारी आधी झडती होतेच.

दुसरा पुरवठादार बाजार. रविवार पेठेतल्या कापडगंजात आत्या शिरली की ओळखीचे सेल्समन एकमेकांकडे बघतात, कारण तिला हवं असतं पाव मीटर, आणि तेही सहा ताग्यांतून. मुंबईला कुणाच्या लग्नाला गेली तर सिद्धिविनायकाच्या आधी मंगळदास मार्केट होतं. दुकानदाराने तागा उलगडून टाकला की ती कापडाचा कोपरा मुठीत चुरगाळते, मग दोन्ही हातांत धरून घासते. पांढरी भुकटी झडली की विषय संपला. "हे कापड सुतावर उभं नाहीये हो, खळीवर उभं आहे. एक धुणं होऊ द्या, बसेल खाली." दुकानदार म्हणतो, "आजी, गॅरंटीचा माल आहे." आत्या म्हणते, "गॅरंटी तुमची. थंडी आमची."

शत्रू म्हणजे बोहारीण. आत्याच्या आणि तिच्या धंद्याचा कच्चा माल एकच, त्यामुळे स्पर्धा तीव्र. बोहारीण स्टीलचा डबा देते, आत्या रव्याचे लाडू देते. सुनेने एकदा काकांचे चार जुने सुती बुशशर्ट देऊन एक प्लास्टिकचा टब घेतला. संध्याकाळी आत्याला कळलं. ती काही बोलली नाही, नुसती त्या टबाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चार पाठी, आठ बाह्या." मग रात्री जेवताना पुन्हा, "शिवाय खिसे." सकाळी ती बोहारणीला शोधायला गल्लीच्या तोंडाशी उभी होती. टब परत देऊन, वर एक पितळी गडू देऊन तिने तीन शर्ट सोडवून आणले. चौथा विकला गेला होता. काका म्हणतात, त्या चौथ्या शर्टाची आठवण त्यांच्यापेक्षा जास्त निघते.

घरात तीन ट्रंका झाल्यावर सुनेने जागेचा प्रश्न काढला. आत्याने त्याला पुराणातलं उत्तर दिलं. "कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सख्ख्या बहिणीच्या घरात चिंधी सापडली नाही. सुभद्रेकडे नुसते शालू-पैठण्या. म्हणून द्रौपदीवर भरजरी पीतांबर फाडायची वेळ आली. सुभद्रेकडे एक ट्रंक असती तर?" सून निरुत्तर झाली असं वाटून आत्याने दुसरा दाखलाही दिला. जनाबाईकडे आलेला विठोबा पहाटे घाईत आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून देवळात गेला, अशी कथा आहे. कीर्तनकार तिचा अर्थ भक्तीचा लावतात. आत्याला त्यात घाई दिसत नाही आणि विसरणंही दिसत नाही. "शेला रेशमाचा, वाकळ सुताची. पहाटेची थंडी. देवाला कळत नाही का?" सून म्हणाली, "कळतं ना. म्हणून तर तो एकच वाकळ घेऊन गेला, ट्रंका नाही नेल्या."

निवड झाली, परीक्षा झाल्या, आता मांडणी. ही बघण्यासारखी गोष्ट. दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला लागतात, जमिनीवर जुनी चादर पसरते आणि आत्या त्यावर तुकडे मांडायला लागते. डाळिंबीशेजारी श्रीखंडी, मोरपंखीशेजारी विटकरी, मध्ये कुठेतरी अबोली. दोन फुलांचे तुकडे शेजारी ठेवायचे नाहीत, "दोघी एकदम बोलायला लागतात." फुलांशेजारी रेघा, रेघांशेजारी साधं. लहान मुलाची गोधडी असेल तर जरीचा काठ बाद, कारण जर अंगाला टोचते. मात्र एका कोपऱ्यात बोटभर काळा तुकडा हवाच, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं मांडून झालं की आत्या उठते, भिंतीला पाठ लावते, चष्मा काढते आणि डोळे किलकिले करते. नक्षी दिसेनाशी होते आणि फक्त फिकं-गडद उरतं. जो तुकडा एवढ्या धुरकटातही डोळ्यांत घुसतो, तो चुकीच्या जागी आहे.

मग काकांना हाक जाते. काका स्टुलावर उभे राहतात, कारण वरून जास्त कळतं.

"कुठे खटकतंय?"

"कुठेच नाही. छान झालंय."

"नीट बघा हो."

"तो हिरवा जरा..."

"हिरवा बरोबर आहे. पिवळा खटकतोय."

पिवळा उचलला जातो. काका खाली उतरू लागतात. "थांबा, उतरू नका. आता?" काकांच्या मताला घरात एवढीच किंमत आहे की ते हिरवा म्हणाल्याशिवाय आत्याला पिवळा दिसत नाही. हे काकांनाही ठाऊक आहे. हल्ली ते वर्तमानपत्र घेऊनच स्टुलावर चढतात.

आणि इथेच, सगळं जमत आलेलं असताना, एक रंग कमी पडतो. कधी गुलबक्षी, कधी राखी. गेल्या खेपेला आमसुली हवा होता, तोही "ओल्या आमसुलाचा नाही, वाळलेल्या." सगळे तुकडे पुन्हा पिशवीत गेले आणि आमसुली रंगाचा शोध सुरू झाला. भाचीच्या लग्नात मुलाकडच्या एका बाईंचा पदर आत्याने पंगतीतच हळूच चिमटीत धरला. बाई दचकल्या. आत्या म्हणाली, "काही नाही, सुती आहे का बघत होते." त्या बाईही त्याच जातीच्या निघाल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सुतीच आहे. पण विटायला अजून चार वर्षं लागतील. पत्ता घेऊन ठेवा." दोघींचे फोन नंबर लिहून झाले. नवरा-नवरीच्या घरांचे संबंध कसे राहतील ते राहोत, या दोघींचे उत्तम आहेत.

शिवणं मात्र खरंच भराभर होतं. दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा गुंततो आणि वेळ वाचवायला निघालेली बाई गाठी सोडवत बसते. दोऱ्याला मेणावरून एकदा ओढायचं. कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन करत मधे यायचं. सुई ओवायचं काम घरातल्या सर्वांत लहान माणसाचं. पूर्वी ते माझं होतं, आता माझ्या मुलीचं. ती एका बैठकीत दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते आणि दर सुईमागे एक चॉकलेट घेते. आत्याचा दर आमच्या वेळी शेंगदाण्याचा होता.

मागच्या वर्षी सुनेने तिच्यासाठी मोठ्या दुकानातून एक पलंगपोस आणला. ठिगळाठिगळाचा, सुंदर रंगांचा, चार आकडी किमतीचा. आत्याने पलंगावर पसरला, लांबून पाहिला, वाखाणला. मग जवळ जाऊन दोन तुकड्यांच्या मधली शिवण नखाने चाचपली. नख कुठेच अडलं नाही. तिने उलटी बाजू पाहिली, पुन्हा सुलटी पाहिली. "अगं, ही ठिगळं छापलेली आहेत!" आत्याला एवढा धक्का बसलेला मी पाहिला नव्हता. फाटल्याशिवाय ठिगळ, आणि तेही छापील! काडी लावायची गरजच नव्हती, पण तिने लावली. गोळी झाली. सुनेला वाईट वाटू नये म्हणून तो पलंगपोस पाहुणे येतील तेव्हा घालायचं ठरलं. पाहुणे आले की आत्या त्यांना आधी उलटी बाजू दाखवते.

आजी गेली तेव्हा तिच्या लुगड्यांचं काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं तशीच ठेवू, कुणी म्हणालं दान करू. तेराव्यानंतर आत्याने कपाट उघडलं. "कपाटात ठेवलीत तर कसर खाईल. आईच्या अंगावरची वस्तू कुणाच्या तरी अंगावर राहू दे." रेशमी बाजूला काढली. दोन इरकली, बाकी साधी सुती नऊवारी. नेहमीच्या परीक्षा झाल्या नाहीत. काडी लावली नाही, रुमाल घासला नाही. आत्या प्रत्येक लुगडं उलगडून कुठे विरलंय ते बघत होती आणि कात्री चालवत होती. वर्षभरात आम्हा सगळ्या नातवंडांना एकेक गोधडी मिळाली. माझीत एका बाजूला आजीचं निळं लुगडं आहे, दुसऱ्या बाजूला हिरवं, आणि आत आजोबांचं धोतर. आजी-आजोबा हयातीत एका खोलीत पाच मिनिटं भांडल्याशिवाय बसले नाहीत. आत्याने त्यांना धावदोऱ्याने असं बांधलंय की आता तक्रारीला जागा नाही.

मध्यंतरी कुणीतरी तिला सुचवलं की गोधड्या विका, हल्ली त्यांना चांगला भाव येतो, परदेशातही जातात. आत्याने दोन दिवस विचार केला. अडचण कष्टांची नव्हती, पैशांचीही नव्हती. "विकायची म्हणजे कुणाचे कपडे घालायचे तिच्यात? ज्यांना ओळखत नाही त्यांचे? आणि द्यायची कुणाला? ज्यांना ओळखत नाही त्यांना?" एवढं बोलून तिने माझ्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिलं. कॉलर घासलेली होती. मला घरी जायला उशीर होत होता, तरी शर्ट तिथेच काढून ठेवला आणि तिच्याकडचा जुना झब्बा घालून निघालो. म्हणजे काकांचा, जो बाद व्हायला अजून अवकाश होता.

तर अशी बाई तुमच्या घरात असेल, आणि असणारच, तर काही पथ्यं पाळा. कपडा देताना धुऊन द्या. बटणं काढून ठेवू नका, त्यांचा वेगळा डबा असतो. कापड सुती आहे असं छातीठोकपणे सांगू नका, ते त्या बघून घेतील. सुया ओवून द्या. मांडलेल्या तुकड्यांवरून चालत जाऊ नका आणि मत विचारलं तर हिरवा म्हणा. एवढं केलंत तर एखाद्या थंडीत तुमच्या वाट्याला गोधडी येईल. ती वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. मोठ्या बादलीत भिजवा, पायांनी तुडवा, दोघांनी दोन टोकं धरून पिळा आणि उन्हात दिवसभर वाळवा. ओली गोधडी फार जड असते. एकट्याने उचलायला जाऊ नका.